डेलावेअरला येण्याआधी पुण्यात कोलोनोस्कोपी उरकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, पत्नी ४५, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टनच्या एका बँकेत नोकरी लागलीय, जूनमध्ये निघायचं. निघण्याआधी सगळ्या तपासण्या पुण्यातच करून याव्यात का? अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा आतड्याचा कॅन्सर उशिरा सापडतो असं वाचलंत, ते आपल्यालाही लागू आहे का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: ‘वडिलांना ५४व्या वर्षी हाच आजार झाला होता.’

अहो, हे वाक्य सगळ्यात आधी यायला हवं होतं.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून बघणं) करावी, असं इथले डॉक्टर सांगतात. पुढे दर पाच वर्षांनी. म्हणजे तुम्हाला तीन वर्षं उशीर झालाय. इतरांसाठी वय ४५ आहे (२०२१पर्यंत ५० होतं) आणि त्या वयापासून ही तपासणी नोकरीच्या विम्यात सहसा खिशाला हात न लावता होते. पण ४५च्या आत, केवळ घरातल्या आजारावर, विमा कंपनी सगळे पैसे भरेलच असं नाही. तेव्हा माझ्या मते तुम्ही पुण्यातच करून या. तुमचा रिपोर्ट, पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) निघाला तर बायोप्सीचा कागद आणि वडिलांचे जुने रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. लोणच्याच्या बरण्या चेक-इनमध्ये जाऊ द्या.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. इथे कृष्णवर्णीयांना हा कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त आणि त्याने मरण्याचं सुमारे ४० टक्के जास्त सांगतात. या दोन आकड्यांमधल्या फरकाकडे बघा. आजार होणं एक, त्याने मरणं दुसरं. आतड्यापुरता असताना सापडला तर दहातले नऊ जण पाच वर्षांनंतरही असतात. शरीरभर पसरल्यावर सापडला तर सातातला एखादा. ‘ब्लॅक पँथर’मधला कृष्णवर्णीय नट चॅडविक बोसमन २०२० मध्ये गेला, तुमच्याच वयाचा होता. २०१६ मध्ये निदान झालं तेव्हाच आजार तिसऱ्या स्टेजला होता.

लोक म्हणतात, कृष्णवर्णीयांच्या रक्तातच असेल. तुम्ही येताय त्या राज्यानेच त्याला उत्तर दिलंय. या शतकाच्या सुरुवातीला डेलावेअरमधल्या पन्नाशीपुढच्या ४८ टक्के कृष्णवर्णीयांनी आणि ५८ टक्के गोऱ्यांनी ही तपासणी केलेली होती. मग सरकारने विमा नसलेल्यांच्या तपासणीचा खर्च उचलला, कॅन्सर निघालाच तर उपचारांचाही. शिवाय हॉस्पिटलांत नर्स नेमल्या, ज्या लोकांना गाठून वेळ ठरवून द्यायच्या आणि तपासणी पार पडेपर्यंत पाठ सोडायच्या नाहीत. २००९ पर्यंत दोघेही ७४ टक्क्यांवर आले. कृष्णवर्णीयांमध्ये आतड्याबाहेर पसरलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण ७९ वरून ४० टक्क्यांवर आलं आणि मृत्युदरातली दरी जवळजवळ बुजली. एवढ्या थोड्या वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही.

आपल्याला लागू आहे का? भारतीयांत हा कॅन्सर मुळात कमी, आणि तीच सबब आपण पुरवून पुरवून वापरतो. फॉर्मवर आपण, चिनी, कोरियन, फिलिपिनो सगळे ‘एशियन’ या एकाच चौकोनात. आणि तपासणी करून घेण्यात हा चौकोन गोऱ्यांच्याही आणि कृष्णवर्णीयांच्याही मागे आहे. भारतात सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते, आतड्याची नाही. त्यामुळे काही होत नसताना आतडं तपासायचं हे आपल्या डोक्यातच येत नाही.

माझंच सांगतो. २०१७ मध्ये, ४६व्या वर्षी, रक्त दिसायला लागलं. उष्णता झाली, मूळव्याध असेल, म्हणून आठ महिने इसबगोल आणि ताक. ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवरच ‘मूळव्याधच’ म्हणून शिक्का मारला. शेवटी कोलोनोस्कोपी झाली, मोठा पॉलिप निघाला. नशिबाने कॅन्सर नव्हता. पण लक्षण दिसल्यावर केलेली तपासणी ‘स्क्रीनिंग’ (लक्षण नसताना केलेली) राहत नाही, ‘डायग्नोस्टिक’ (निदानासाठीची) होते, आणि मग डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम, आपल्या खिशातून. बिल आलं तेव्हा बायको म्हणाली, ‘इसबगोल महागात पडलं.’

पत्नीला घरात कुणाला हा आजार नसेल तर त्यांना घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवायची फिट चाचणी चालेल, दर वर्षी. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची कोलोनोस्कोपीही आता स्क्रीनिंगमध्येच धरतात, २०२२ पासून. तुम्हाला मात्र फिटवर भागवता येणार नाही. आणि त्यांचं राहून जाऊ देऊ नका. इथे डिपेंडंट व्हिसावर आलेल्या, गाडी न चालवणाऱ्या बायकांची अपॉइंटमेंट ‘पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता दोन वर्षं लांबलेली मी पाहिलीय.

आल्यावर पहिल्या महिन्यातच विम्याच्या नेटवर्कमधला प्रायमरी केअर डॉक्टर, म्हणजे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखा, धरा. नव्या पेशंटला तारीख मिळायला वेळ लागतो. पाच वर्षांनी तुमची पुढची तपासणी येईल तेव्हा आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, रात्री जुलाबाचं औषध. हे सगळं निभतं. अडतं ते वेगळ्याच जागी. गुंगी दिलेली असते, म्हणून घरी न्यायला ओळखीचा माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत; एकट्याने टॅक्सी करून जातो म्हटलं तरी नाही. रजा आणि गाडीवाला माणूस, या दोन गोष्टी नाहीत म्हणून इथले कितीतरी गरीब तपासणी टाळतात, आणि नवीन आलेल्या माणसाकडेही त्या नसतातच. तेव्हा पत्नीसाठी असो की तुमच्यासाठी, माणूस लागला तर कळवा. मंगळवारी मी घरूनच काम करतो.