शंका-समाधान : मीठ, पाक आणि पाण्याची पकड

प्रश्न : बटाटे उकडताना पाण्यात मीठ आधीच घालावे, म्हणजे पाणी जास्त तापते आणि बटाटे लवकर शिजतात, असे माझ्या सासूबाई सांगतात. मला मात्र उलटेच दिसते. उकळी येण्याच्या बेतात असलेल्या पाण्यात मीठ टाकले की ते एकदम उसळते, म्हणजे मिठामुळे पाणी लवकर उकळत असावे. खरे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सासूबाईंचे तत्त्व बरोबर आहे, हिशेब मात्र त्यांच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. एक किलो पाण्यात कोणत्याही न उडणाऱ्या पदार्थाचे एक मोल (मोल हे कण मोजण्याचे एकक) कण विरघळले, तर त्या पाण्याचा उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचे तापमान, सुमारे ०.५१ अंश सेल्सिअसने वाढतो. बटाट्यांच्या पातेल्यात आपण लिटरभर पाण्याला फार तर दोन लहान चमचे, म्हणजे दहा-बारा ग्रॅम मीठ घालतो. दहा ग्रॅम मीठ म्हणजे ०.१७ मोल, पण मीठ पाण्यात विरघळताना त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन (विद्युतभारित कण) सुटे होतात, त्यामुळे कणांची संख्या दुप्पट होऊन ०.३४ मोल भरते आणि उत्कलनांक वाढतो तो जेमतेम ०.१७ अंशाने. आपण पुण्यात राहता, जे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि जिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. मिठाने जे मिळवून दिले, त्याच्या दसपट पुण्याच्या उंचीने आधीच काढून घेतलेले आहे. बटाटे खरोखरच लवकर हवे असतील तर कुकर लावावा. त्यात तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. मीठ चवीसाठी घालावे, आणि त्यासाठी ते आधी घालणेच योग्य.

राहिला प्रश्न आपण पाहिलेल्या उसळीचा. उकळीच्या काठावर आलेल्या पाण्याला बुडबुडा तयार करण्यासाठी बसायला जागा लागते. मिठाच्या दाण्यांच्या खाचाखोचांत अडकलेली हवा ती जागा पुरवते आणि दाणे पडताच त्यांच्याभोवती शेकडो बुडबुडे एकदम फुटतात. मिठाऐवजी स्वच्छ धुतलेली कोरडी वाळू टाकली तरी असेच होईल, आणि वाळू तर पाण्यात विरघळतही नाही. पुढच्या वेळी उसळीनंतरचे काही क्षण नीट पाहावे : पाणी थोडे शांत होते आणि मग पुन्हा उकळू लागते.

प्रश्न : मीठ घातल्यावर पाण्याचा बाष्पदाब (पाण्यावरच्या वाफेचा दाब) कमी होतो, याचे कारण अनेक पुस्तकांत असे दिलेले असते की, द्राव्याचे, म्हणजे विरघळलेल्या पदार्थाचे, कण पृष्ठभागावरची जागा अडवतात आणि त्यामुळे पाण्याच्या रेणूंना बाहेर पडायला कमी जागा उरते. वर्गात एका मुलीने विचारले, 'मग साखरेचा रेणू एवढा मोठा असतो, तो जास्त जागा का अडवत नाही?' मला उत्तर देता आले नाही. (एक शिक्षक, सांगली)

उत्तर : त्या मुलीची शंका खरी आहे आणि पुस्तकातले कारण लंगडे आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे फ्रांस्वा-मारी राऊल यांनी १८८० च्या दशकात निरनिराळ्या द्रावणांची काळजीपूर्वक मोजमापे केली. विरळ द्रावणांत गोठणांक किती उतरतो किंवा बाष्पदाब किती घटतो, हे कणांच्या संख्येवर ठरते, त्यांच्या आकारावर किंवा जातीवर नव्हे, असे त्या मोजमापांतून दिसले. जागा अडवण्याची गोष्ट खरी असती, तर ३४२ एकक वस्तुमानाच्या साखरेच्या रेणूने चिमुकल्या सोडियम आयनापेक्षा कितीतरी जास्त अडवणूक केली असती. प्रत्यक्षात एक मोल साखर (३४२ ग्रॅम) किलोभर पाण्याचा उत्कलनांक अर्ध्या अंशाने वाढवते, तर एक मोल मीठ (५८.५ ग्रॅम) जवळजवळ एका अंशाने. मिठाच्या या दुप्पट परिणामाने त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ कोड्यात टाकले होते. पाण्यात विरघळताच मिठाचे विद्युतभारित तुकडे होतात, ही स्वांते आरेनियस यांची कल्पना मान्य झाल्यावर ते कोडे सुटले. ज्या प्रबंधात त्यांच्या या विचाराची सुरुवात होती, त्याला १८८४ साली उप्साला विद्यापीठाने जेमतेम उत्तीर्णतेची श्रेणी दिली होती. १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जागा अडवण्याच्या स्पष्टीकरणात याहून मोठी एक चूक आहे. बंद भांड्यात पाणी आणि वाफ यांचा समतोल होतो तेव्हा रेणूंची ये-जा दोन्ही बाजूंनी चालू असते. दारात गर्दी करणारा माणूस बाहेर जाणाऱ्याला अडवतो तसाच आत येणाऱ्यालाही अडवतो. पृष्ठभाग खरोखरच अडला असता तर ये-जा दोन्ही मंदावल्या असत्या आणि बाष्पदाब होता तेवढाच राहिला असता.

खरे कारण एन्ट्रॉपीचे, म्हणजे विस्कळीतपणाचे आहे, आणि बारावीच्या मुलांना ते समजणार नाही असे समजण्याचे काही कारण मला दिसत नाही. शुद्ध पाण्यातला रेणू वाफेत जातो तेव्हा एकंदर विस्कळीतपणा पुष्कळ वाढतो, आणि रेणूंना बाहेर पडण्याची जी ओढ असते ती याच वाढीतून येते. द्रावणात पाण्याचे आणि द्राव्याचे कण आधीच एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणजे विस्कळीतपणा आधीच वाढलेला असतो; तिथून रेणू बाहेर गेल्याने होणारी भर तुलनेने कमी पडते. पाण्याला द्रावणात राहण्यात आता अधिक सोय आहे, असे म्हणा हवे तर. ही सोय सरमिसळ करायला किती कण आहेत त्यावर ठरते, म्हणून संख्येला महत्त्व येते आणि आकार गौण होतो. उत्कलनांक वाढणे, गोठणांक उतरणे आणि परासरण दाब (पातळ पडद्यापलीकडचे पाणी द्रावण ज्या जोराने ओढते तो), ही सारी याच एका गोष्टीची वेगवेगळी रूपे आहेत.

प्रश्न : आमच्याकडे कोकणात पावसाळा लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. हे पाणी मिठातून येते की हवेतून? आणि हेच मीठ बर्फात घातले की पॉटचे आइस्क्रीम गोठते, ते कसे? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पाणी हवेतून येते, 'सुटते' हे क्रियापद आपली फसवणूक करते. वरच्या उत्तरातील मुद्दा इथेही लागू पडतो. मिठाचे संपृक्त द्रावण (ज्यात आणखी मीठ विरघळणार नाही असे) घेतले तर त्यावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे ७५ टक्केच असतो. दाण्यावर जो ओलाव्याचा अतिशय पातळ थर असतो, तो असे संपृक्त द्रावणच होय. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्या थरातले पाणी उडून जाते; वर असेल तर हवेतली वाफ थरात येत राहते, थर वाढतो, आणखी मीठ विरघळवतो आणि शेवटी बरणीच्या तळाशी खारे पाणी साचते. पुण्या-नाशिकपेक्षा कोकणातल्या घरांत हे जास्त का होते, ते सांगायला नकोच. मिठागरातल्या जाड्या मिठाला बारीक मिठाच्या आधी ओल येते, कारण त्यात थोडे मॅग्नेशियम क्लोराइड उरलेले असते, आणि त्याच्या संपृक्त द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या अवघा ३३ टक्के असतो. म्हणजे ते कोरड्या दिवसांतही हवेतून पाणी ओढते. मिठात तांदळाचे दाणे घालण्याची पद्धत वाईट नाही, पण जूनमध्ये सारा भरवसा घट्ट झाकणावर ठेवावा.

आता पॉट. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि बर्फाच्या थरांमध्ये मूठ-मूठ खडे मीठ. ते हँडल फिरवायला लहानपणी आम्हा भावंडांत चढाओढ असे आणि दहा मिनिटांनी प्रत्येकाला अभ्यास आठवे. बर्फाच्या पृष्ठभागावर दोन गोष्टी सतत चालू असतात : काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात आणि पाण्यातले काही रेणू पुन्हा बर्फाला चिकटतात. शून्य अंशाला या दोन्हींचा वेग सारखा असतो. भोवतीचे पाणी खारट झाले की पाण्याला द्रावणातच राहणे सोयीचे होते, परत चिकटणाऱ्यांची संख्या घटते आणि वितळणे वरचढ ठरते. वितळणाऱ्या प्रत्येक ग्रॅम बर्फाला सुमारे ३३४ जूल उष्णता लागते. ती त्याला कोणी बाहेरून आणून देत नाही, म्हणून तो ती उरलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून आणि डब्यातल्या दुधातून काढून घेतो. अशा रीतीने बर्फ वितळत असतानाच सारे मिश्रण थंड होत जाते. मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के असेल तर ही उतरण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. घरच्या बादलीत इतके साधत नाही, पण दूध आणि साखर यांचे मिश्रण गोठायला उणे दहा-बारा अंश पुष्कळ होतात. मीठ 'थंड' असते म्हणून असे होते, हे मात्र खरे नव्हे. बादलीच्या भोकातून खारे पाणी वाहू लागले की ते बर्फाचे काम चालल्याचे लक्षण असते, आणि आमच्याकडे ते भोक कोणीतरी हमखास बोळा घालून बुजवत असे.

प्रश्न : पाणी उकळते तेव्हा हायड्रोजन बंध तुटतात, असे वाचले. मग उकळताना हायड्रोजन वायू सुटतो का? (एक विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : नाही. 'हायड्रोजन बंध' या नावाने हा घोटाळा दर वर्षी होतो. पाण्याच्या एका रेणूतील ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणारा सहसंयुज बंध तोडायला मोलमागे सुमारे ४६० किलोजूल लागतात. एका रेणूतील हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतील ऑक्सिजन यांच्यातील ओढ तोडायला वीसच्या आसपास. उकळताना दुसरी तुटते, पहिला तसाच राहतो, आणि वाफ म्हणजे पाणीच असते. पण ही दुबळी ओढ क्षुल्लक समजू नये. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांची अणुसूत्रे तंतोतंत सारखी आहेत. इथेनॉलचे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंध जुळवू शकतात, ईथरचे नाहीत. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, तर ईथर उणे २४ अंशांनाच उकळून वायू होते.

प्रश्न : पाक करताना मी आता थर्मामीटर वापरते. मऊ गोळी वळण्याचा पाक ११२ ते ११६ अंशांना होतो असे वाचले होते, पण माझ्याकडे तो ११० लाच होतो. शिवाय निम्म्या वेळा पाक बसतो आणि साखर पुन्हा दाणेदार होते. लिंबू पिळूनही उपयोग झाला नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : थर्मामीटर चुकत नाही, पहिल्या उत्तरातले पुणे इथे पुन्हा आडवे आले आहे. पाण्याचाच उत्कलनांक दोन अंशांनी खाली असल्यामुळे पाकाचाही तेवढाच खाली येतो. उकळत्या साध्या पाण्यात थर्मामीटर धरून पाहावा आणि तो शंभराला जितका कमी पडेल तितके पुस्तकातल्या आकड्यातून वजा करावे.

पाकाची मौज अशी की, कणांच्या संख्येचा जो नियम मी वर इतक्या ठामपणे मांडला, तो इथे कोलमडतो. शंभरात साठ भाग साखर असलेल्या पाकाचा उत्कलनांक नियमाप्रमाणे १०२ अंशांच्या किंचित वर यायला हवा. समुद्रसपाटीला तो भरतो १०३. ऐंशी भाग साखर असेल तर नियम सांगतो १०६ आणि थर्मामीटर दाखवतो सुमारे ११२, म्हणजे अपेक्षेच्या दुप्पट वाढ. याचे कारण आंतररेण्वीय बलांत, म्हणजे रेणूंच्या आपसांतील ओढीत आहे. साखरेच्या एका रेणूवर आठ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात आणि त्यांतला प्रत्येक गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जुळवू शकतो. विरळ द्रावणात पाणी इतके भरपूर असते की, त्यातले काही रेणू साखरेने धरून ठेवले तरी एकूण हिशेबात फरक पडत नाही. ऐंशी टक्क्यांच्या पाकात मात्र साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे पाचच रेणू उरतात. मोकळे म्हणावे असे पाणी जवळजवळ नसतेच. इथे 'किती कण' या प्रश्नाइतकाच 'कण कोणते आणि ते पाण्याला किती घट्ट धरतात' हा प्रश्न मोठा होतो. बोटांमध्ये पाक ताणल्यावर निघणारी तार हीदेखील याच पकडीची खूण आहे. पाकात बोट घालून अंदाज घेणाऱ्या बायका त्या पकडीचीच परीक्षा घेत असतात, आणि पुण्याची उंची त्यांच्या बोटाच्या आड येत नाही. थर्मामीटर असला तरी तार पाहणे सोडू नये.

आता बसणाऱ्या पाकाविषयी. इतका घट्ट पाक थंड होऊ लागला की त्यात मावेल त्याहून जास्त साखर असते, आणि ती स्फटिक होण्यासाठी निमित्त शोधत असते. पातेल्याच्या कडेला वाळलेला एखादा दाणा किंवा उगाच फिरवलेला चमचा तेवढ्याला पुरतो. लिंबाचा रस यावर उपाय आहे तो आंबटपणामुळे नव्हे, तर आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो म्हणून. हे परके रेणू स्फटिकाच्या रचनेत नीट बसत नाहीत आणि त्याची वाढ रोखतात. पण हे फुटणे उष्णतेत आणि सावकाश होते. आपण लिंबू बहुधा पाक झाल्यावर, गॅस बंद करताना पिळत असाल. ते साखर विरघळून पहिली उकळी येताच अर्धा चमचा घालावे, आणि कडेचे दाणे ओल्या फडक्याने पुसून घेतल्यावर पाकात चमचा फिरवू नये.