ते ब्लँकेट कुणाचं?

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

मिझोरामच्या सीमेवरच्या झोखावथरहून आलेला तुझा मेसेज तीनदा वाचला. तियाउ नदी ओलांडून म्यानमारमधून आलेल्या एका चिन जमातीच्या बाईने तुम्ही दिलेलं ब्लँकेट आठवड्याच्या आत बाजारात विकलं. 'फसवल्यासारखं वाटतंय, काका. देणगीदारांना काय सांगू?' देणगीदार राहू देत बाजूला. त्या पैशांचं तिने काय आणलं, हे ठाऊक आहे तुला? नाही ना?

मलाही ठाऊक नव्हतं. १९७१, पश्चिम बंगालच्या सीमेवरचं बनगाव. जशोर रोडवर माणसांची रीघ लागलेली. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, कोटीभर माणूस सीमा ओलांडून आला. मी बावीस वर्षांचा, हातात रजिस्टर. पलीकडच्या कुठल्याशा शाळेतला एक मास्तर होता. त्याने ब्लँकेट विकल्याचं कानावर आलं आणि मी लाल शाईने त्याच्या नावावर रेघ मारली. पुढच्या वाटपाला तो रांगेत आला तेव्हा मान वर न करता म्हणालो, "पुढचा." तो भांडला नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला आणि बाजूला झाला.

साठा अपुरा होता गं. मागे शेकडो माणसं, वरचे रोज हिशेब मागायचे. बावीस वर्षांच्या पोराने दुसरं काय करायचं? हे मी तुला सांगतोय की स्वतःला, कुणास ठाऊक.

आपल्याकडे दानावर उदक का सोडतात? हातावरून गेलेलं पाणी परत येत नाही. दिलं, की ते आपलं राहत नाही. एवढंच मला कळलंय, आणि त्यासाठी दोन संस्थांशी भांडून बाहेर पडलोय. लोक तऱ्हेवाईक म्हणतात, म्हणोत.

त्याच बनगावात डॉ. दिलीप महालनबीस होते. पटकीचे रोगी जमिनीवर पडलेले, सलाइन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नळाची पिंपं भरून ठेवली, आणि पाजायचं काम आयांवर, नातलगांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्या बायांकडे कुणी घोटाघोटाचा हिशेब मागितला नाही. त्याच वर्षी सरकारने पत्रांवर पाच पैशांचं जादा शरणार्थी तिकीट लावलं. माझ्या पाच पैशांची डाळ कुणी खाल्ली, असं विचारत कुणी पोस्टात गेलं नाही. आणि मी एका ब्लँकेटमागे लागलो होतो!

'पण खोट्या नावाने दोनदा घेणारे?' असतात. ते वाटपाच्या टेबलावरच पकड, तिथे खुशाल कडक हो. टेबल ओलांडलं की ब्लँकेट तिचं. पांघरो, विको, नाहीतर जावेला देवो. दिलं, की ते आपलं राहत नाही, पोरी, किती वेळा सांगू?

ज्या अर्थी तिने विकलं, त्या अर्थी तिला बहुधा रोख हवी होती. पुढच्या खेपेला कापड कमी, पैसे जास्त ने. जागतिक अन्न कार्यक्रमसुद्धा आता बऱ्याच ठिकाणी रोखच देतो. अहवालात 'ब्लँकेटं दिली' आणि आकडा, एवढंच लिही. उद्या तिच्याकडे जा. विकल्याचा विषय काढू नकोस. आणखी काय लागतं, तेवढं विचार. चहा दिला तर नको म्हणू नकोस.

तुझा,
काका

ता. क. मास्तरांचं नाव मला आठवत नाही. रेघेखाली ते वाचता येत नव्हतं.