रात्रीचं जेवण बंद करून रोज फक्त सूप घेतलं तर वजन कमी होईल का?

होईल, पण टिकणार नाही, म्हणून जेवण बंद करू नका हे आधीच सांगते. तुम्ही लिहिलंय की धुळ्याला राहता, दिवसभर बसून काम आहे, रात्री भाकरी-भाजी सोडून नुसतं सूप प्यायचा विचार चाललाय आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जमेल का अशीही शंका आहे. मी जळगावची. आमच्याकडे गेली काही वर्षं रात्रीच्या जेवणाआधी सूप असतंच, माझं आणि मिस्टरांचं दोघांचंही वजन त्याने हळूहळू उतरलं, माझं वर्षभरात सहा-सातेक किलो, आणि परत चढलं नाही. पण आम्ही सूप जेवणाच्या आधी घेतो, जेवणाच्या ऐवजी नाही. सगळा फरक तिथेच पडतो.

सूपात चरबी वितळवणारं वगैरे काही नसतं, कोणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. त्यात पाणी भरपूर, भाजी भरपूर आणि कॅलरी कमी, त्यामुळे पोट भरतं आणि पुढे ताटातलं आपोआप कमी जातं, इतकंच. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स नावाच्या आहारतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलंय. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात बायकांना जेवणाआधी एक दिवस भात-भाजी-चिकनचा पदार्थ दिला, एक दिवस तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि एक दिवस तेच पाणी त्या पदार्थात घालून केलेलं सूप. सामान तेच, पाणी तेवढंच, पण सूपाच्या दिवशी दुपारच्या जेवणात साधारण १०० कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या आणि रात्री त्याची भरपाईही झाली नाही. पुढे २००७ मध्ये आणखी एक अभ्यास आला, त्यात जेवणाआधी सूप घेतलं तेव्हा सूप धरूनसुद्धा एकूण २० टक्के कमी खाल्लं गेलं, आणि सूप घोटलेलं होतं की तुकड्यांचं याने फारसा फरक पडला नाही. म्हणजे जेवणाआधी दोन ग्लास पाणी पिऊन हे काम तितकं होत नाही, नुसतं पाणी पोटातून लवकर पुढे सरकतं, अन्नात मुरलेलं पाणी मात्र थांबतं.

आता हे आपल्या खान्देशात जास्त कामाचं का, तर आपलं जेवण चवीला एक नंबर पण तेलातुपाचं. शेवभाजीची तर्री बघा, त्यात वाटण, खोबरं, शेंगदाणे आणि वर तळलेली शेव, नुसत्या शेवेतच १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. बट्टी म्हणाल तर आधी शिजवायची, मग कापून तळायची आणि वरून वरणात तूप. हे सोडा असं मी म्हणणार नाही, पाहुणे आले, लग्नकार्य असलं, थंडीत शेतात भरीत पार्टी असली की खायलाच हवं. पण उपाशीपोटी त्या ताटावर बसलं की दोनाच्या चार बट्ट्या कधी होतात कळत नाही, आणि आधी मोठी वाटीभर गरम सूप पोटात असलं की दोनवर हात थांबतो, तेही मनाला न मारता. मला या उपायातलं हेच सगळ्यात आवडतं, की कोणाला नको म्हणावं लागत नाही.

वेळ पण महत्त्वाची. आमच्याकडे खरा घोळ साडेसहा-सातला व्हायचा, घरी आलं की भूक कडकडीत लागलेली असते, जेवायला अजून दीड तास, मग फरसाणाचा डबा, मुरमुऱ्याचा चिवडा, चहा-खारी, असं करत जेवणाआधीच एक जेवण होऊन जायचं. ती वेळ सूपाने पकडा. आल्याआल्या हातपाय धुवून सूप, मग तासाभराने निवांत जेवण. माझा अनुभव असा की वजन उतरलं त्यात निम्मा वाटा फरसाणाचा डबा बंद राहिल्याचा असेल.

कसं करते ते सांगते. चार माणसांना अर्धा किलो गंगाफळ (बाहेरचे लोक लाल भोपळा म्हणतात ते), वाटीभर म्हणजे साधारण १०० ग्रॅम मुगाची डाळ, चार-पाच लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, हळद, आणि पाणी डाळीच्या चारपट. कुकरला तीन-चार शिट्ट्या काढायच्या आणि झाकण पडलं की रवीने घुसळायचं, मिक्सर लावायची गरज नाही, रवीने घोटलं की गंगाफळाचे बारीक गोळे राहतात आणि ते चमच्यात आले की खाल्ल्यासारखं वाटतं. गाळायचं अजिबात नाही, चोथा गाळून टाकला तर ज्यामुळे पोट भरतं तेच फेकलं. मग चमचाभर तुपात जिरं तडतडवून वर ओतायचं, मिरपूड आणि लिंबू. मीठ अगदी शेवटी, लिंबू पिळल्यावर चव बघून, कमीच लागतं. एका माणसाला सव्वाशे-दीडशे कॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. गंगाफळ नसेल तर पालक, शेवग्याच्या शेंगांचा गर, कोबी, दुधी, टोमॅटो काहीही चालतं, डाळ मात्र सोडू नका, कारण नुसत्या भाजीचं पातळ पाणी तासाभरात उतरतं आणि परत भूक. दुधी घ्याल तर कापल्यावर एक छोटा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर सरळ फेकून द्या, कडू दुधी विषारी असतो आणि तो कडूपणा शिजवून जात नाही.

सासूबाई अमळनेरकडच्या, पहिल्यांदा वाटी समोर ठेवली तर म्हणाल्या, "हाई काय आजारी मानूसनं जेवन शे का?" मग मी त्यांच्यासाठी वर ठेचलेल्या लसूण-मिरचीची फोडणी घालायला लागले, आता त्याच सातला विचारतात झालं का म्हणून. तुमच्या घरी पण कोणी नाक मुरडलं तर हे करून बघा, आपल्या जिभेला तिखट लागतंच आणि तिखटाने वजन वाढत नाही.

पाकिटातली सूपं वजन कमी करायचं म्हणून आणू नका. बऱ्याच पाकिटांत मक्याचं पीठ, साखर आणि मीठ हेच जास्त, भाजी नावाला. मागे सोडियमचा आकडा लिहिलेला असतो, तो अडीचने गुणला की मीठ किती ते कळतं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं. आपल्याकडे ताटात पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), लोणचं आधीच असतं, त्यात हे. हॉटेलचं मंचाव सूप तर वर तळलेल्या नूडल्स टाकून येतं आणि क्रीम ऑफ टोमॅटोमध्ये लोणी-साय असते, ती चवीसाठी प्यावीत, डाएट म्हणून नाही.

नुसत्या सूपावर राहण्याबद्दल. आमच्या कॉलनीतल्या एका ताईंनी आठवडाभर कोबीचं सूप केलं होतं, काटा भराभर खाली आला, सगळ्यांना वाटलं वा, आणि जेवायला लागल्या तसा पुन्हा वर गेला. कारण अचानक खाणं तोडलं की शरीर साठवलेली साखर वापरतं आणि त्या साखरेबरोबर धरून ठेवलेलं पाणी निघून जातं, काट्यावर दिसतं ते बरंचसं ते पाणीच. वर प्रथिनं कमी पडल्याने स्नायू झिजतात ते वेगळंच. म्हणून सूपानंतर दादरची (आपली रब्बीची ज्वारी) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) एक भाकरी, भाजी, वरण घ्याच. दोन खात असाल तर एकवर या, शून्यावर नको. आणि जेवणानंतर थोडं चाला, सूप एकट्याने सगळं करणार नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर टोमॅटो-पालक-डाळीचं सूप रोज घेणं त्यांना विचारूनच, आणि बीपी असेल तर मिठावर लक्ष.

उन्हाळ्याचं खरंय, एप्रिल-मे मध्ये ४४-४५ डिग्रीत कोणाला गरम सूप जाणार. तेव्हा आम्ही काकडी किसून पातळ ताकात घालतो, जिरेपूड, पुदिना, कोथिंबीर, किंवा गंगाफळाचंच सूप थंड करून ताकात घोटतो, हे तुम्हाला विचित्र वाटेल पण छान लागतं. कधी पातळ कढी कोमट करून घेतो, सोबत दोन फुणके (वाटलेल्या डाळीचे वाफवलेले गोळे) असले की डाळ पण पोटात जाते. ताक साय काढलेल्या दह्याचं करा आणि कढीत बेसन हात राखून घाला.