आंबा, पेरू, डाळिंब यांची नुसती फांदी कुंडीत खोचली तर झाड येतं का?
डाळिंब येतं, आंबा जवळपास नाहीच. त्याचं कलम करतात. पेरूला गुटी बांधलेली बरी (म्हणजे फांदी झाडावरच असताना तिची थोडी साल काढून तिथे ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटली की कापायची).

डाळिंबाची पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी वीतभर कापा. खालचा काप डोळ्याच्या (जिथून पालवी फुटते त्या उंचवट्याच्या) जरा खाली घ्या, पानं काढा आणि निम्मी काडी वाळू-कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा. उलटी नको (हे हमखास होतं!). सावलीत ठेवा, मिश्रण नुसतं ओलसर हवं. पालवी दिसली म्हणून लगेच हुरळू नका; ती काडीतल्या साठ्यावरही फुटते, मुळं बरेचदा मागून येतात. उपटून बघायचा मोह तेवढा आवरा.

सगळ्यात सोपं ड्रॅगन फ्रूट. खोडाचा कापलेला तुकडा काही दिवस सावलीत सुकवा, काप कोरडा झाला की लावा. ओलाच लावलात तर कुजतो.