‘आई, इथे असं नसतं’

नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी इथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर (मुख्य विषय) इकॉनॉमिक्स. एमबीए करायचं हे तिचं पक्कं ठरलंय. आम्हा दोघांना वाटतं, डिग्री हातात पडली की लगेच करून टाकावं, एकदा नोकरी, लग्न सुरू झालं की राहूनच जातं. ती म्हणते, ‘आई, इथे असं नसतं.’ तिने आत्तापासून काय तयारी करावी? जीमॅट या एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या एका ऑनलाइन क्लासवर येत्या रविवारपर्यंत सवलत आहे. भरू का पैसे? आम्ही अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच आहोत, ग्रीन कार्डची रांग काही सरकत नाही.
– एक आई

लेकीचं बरोबर आहे. हे तिला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा!

आपल्या डोक्यातलं एमबीए पुण्या-मुंबईचं असतं. टीवायला असतानाच कॅटचा अभ्यास, नंबर लागला की जूनमध्ये आयआयएम नाहीतर जमनालाल बजाज. पंधरावी झाली की सोळावी, इतकं सरळ. अमेरिकेतल्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलांमध्ये वर्गातल्या मुलांच्या गाठीशी सरासरी पाचेक वर्षांची नोकरी असते. तिथे बरंचसं शिक्षण केसवर चालतं. एखाद्या कंपनीची अडचण समोर ठेवतात आणि प्राध्यापक विचारतात, ‘तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत?’ बावीस वर्षांच्या मुलीकडे त्याचं उत्तर नसतं. दोन वर्षांचा राहण्याखाण्यासकट खर्च मोठ्या शाळांमध्ये दोन लाख डॉलरच्या वर जातो. तेवढे पैसे ओतायचे तर वर्गात बोलण्यासारखं काहीतरी जवळ असलेलं बरं.

तुमच्या काळजीवर मात्र एक उपाय आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो, तसाच प्रकार इथेही चालतो. हार्वर्डचा ‘टू प्लस टू’, व्हार्टनचा ‘मोएलिस ॲडव्हान्स ॲक्सेस’, शिकागो बूथचा ‘बूथ स्कॉलर्स’, शिवाय स्टॅनफर्ड, कोलंबिया, एमआयटी स्लोन यांच्याही अशाच योजना आहेत. अर्ज डिग्रीच्या शेवटच्या वर्षात करायचा, जागा मिळाली की आधी काही वर्षं नोकरी करायची आणि मग वर्गात जायचं. हार्वर्डला हा मधला काळ दोन ते चार वर्षांचा. येलचा ‘सिल्व्हर स्कॉलर्स’ थोडा निराळा: डिग्रीनंतर थेट पहिलं वर्ष, मग बाहेर काम, मग परत येऊन शेवटचं वर्ष. चुरस जबरदस्त असते. त्यामुळे रुमाल पडला तर आनंद, नाही पडला तर नोकरी करून नेहमीच्या दाराने जायचं. तयारी दोन्हीची एकच.

आता तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलेल्या ओळीकडे येते, कारण मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुम्ही एच-वन-बीवर म्हणजे मुलगी बहुधा एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर. एच-फोरवरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही. म्हणजे वर्गातल्या मैत्रिणी तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात इंटर्नशिपला जातील आणि ही घरी बसेल. एकविसाव्या वाढदिवसानंतर साधारणपणे एच-फोरही राहत नाही. (ग्रीन कार्डच्या हिशोबात वय मोजायची रीत वेगळी आहे, ती वकिलाकडून समजून घ्या.) तेव्हा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जायचंच असेल तर ते शेवटच्या घटकेला करू नका. देशात राहून स्टेटस बदलायचा अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात. स्टेटस बदलल्यावर राज्यातल्या विद्यार्थ्यांची कमी फी तशीच राहते का, हेही युनिव्हर्सिटीला आधीच विचारा.

आणि एक बारीक गोष्ट, जी इकॉनॉमिक्सवाल्यांना फार उशिरा कळते. एफ-वनवर डिग्रीनंतर ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं. विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी चोवीस महिने मिळतात. साधं ‘जनरल इकॉनॉमिक्स’ स्टेममध्ये धरत नाहीत, ‘इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ (आकडेवारीवर चालणारं अर्थशास्त्र) धरतात. सरकारी यादीत पहिल्याचा कोड ४५.०६०१, दुसऱ्याचा ४५.०६०३. काही विभागांनी आपला सगळा कोर्सच दुसऱ्या कोडखाली नेलाय, काही ठिकाणी तो वेगळा पर्याय म्हणून निवडावा लागतो, काही ठिकाणी नाहीच. हिशोब करून बघा. रुमाल टाकून ठेवलेल्या जागेसाठी किमान दोन वर्षं नोकरी हवी. पहिल्या कोडवर हातात एक वर्ष, पुढचं सगळं एच-वन-बीच्या लॉटरीवर. दुसऱ्या कोडवर तीन वर्षं. एका आकड्याचा फरक. मुलीला या आठवड्यात इंटरनॅशनल स्टुडंट्सच्या ऑफिसात पाठवा, आपला मेजर कोणत्या कोडखाली येतो एवढंच विचारून यायला सांगा. नियम बदलत असतात, म्हणून माझ्यापेक्षा त्या ऑफिसचं आणि वकिलाचं खरं माना.

विषयांचं म्हणाल तर एमबीएला अमुकच मेजर हवा असं नसतं. पण मार्कांचा कागद वाचणारा माणूस एक बघतोच: हिला आकडे झेपतील का? म्हणून कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनोमेट्रिक्स चुकवू नये, आणि इकॉनोमेट्रिक्स करताना आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा हाताने चालवायला शिकावं. गेम थिअरी मिळाली तर जरूर घ्यावी, मजाही येते. इकॉनॉमिक्सच्या मुलांचं ठरलेलं खिंडार म्हणजे अकाउंटिंग. तो विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या इमारतीत, बिझनेसच्या विभागात असतो, म्हणून राहून जातो. फायनान्शियल अकाउंटिंगचा एक कोर्स घेतला की ताळेबंद वाचता येतो, तेवढं पुरे. त्यासाठी बिझनेसचा दुसरा मेजर जोडायची गरज नाही. एकाच भाजीला दोनदा फोडणी दिल्यासारखं होतं ते. त्यापेक्षा लिहिण्याचा एखादा चांगला कोर्स घेऊ दे. आपली मुलं गणितात सहसा मागे नसतात, पण अर्जातल्या निबंधात मनातलं लिहायची वेळ आली की अडतात. एखाद्या सत्रात मार्क घसरले तर आभाळ कोसळत नाही. पुढे हार्वर्डच्या ‘कोर’सारखा ऑनलाइन कोर्स करून आकड्यांची पकड दाखवता येते. (रिअल ॲनालिसिस या अवघड गणिताच्या वाटेला पीएचडी करायची असेल तरच जावं. ते प्रकरण वेगळं.)

निबंधावरून माझीच गोष्ट आठवली. माझ्या पहिल्या एमबीए इंटरव्ह्यूत मी वीस मिनिटं ‘आम्ही’ म्हणत होते. आम्ही प्रोजेक्ट केला, आम्ही खर्च वाचवला. समोरच्या बाईंनी शेवटी हसून विचारलं, ‘हे सगळं छान, पण यात तू काय केलंस?’ मला सांगताच येईना. त्या शाळेत माझा नंबर लागला नाही. ‘मी, मी करू नये’ हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं, आणि घरात ते शोभतंही.

तुमच्या मुलीने मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या कुपनांचा हिशोब कधी सांभाळलाय? नसेल तर यंदा सांभाळू दे. मंडळाच्या कामाला आपण अर्जात ‘व्हॉलंटियरिंग’ म्हणून एका ओळीत गुंडाळतो. पण साडेतीनशे पानांचा अंदाज असताना साडेचारशे माणसं आली, श्रीखंड संपलं, केटरर पाच वाजता फोन उचलेना, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने पाचशे डॉलरचा निर्णय कार्यकारिणीला न विचारता घेतला, या गोष्टीत निवड करणाऱ्यांना जे हवं असतं ते सगळं आहे. फक्त ती तिने ‘मी’ म्हणून सांगायला हवी.

शिफारसपत्रं एरवी साहेबांची लागतात. शेवटच्या वर्षात अर्ज करताना मात्र ओळखणारे प्राध्यापक चालतात, आणि तीनशे मुलांच्या लेक्चरमध्ये कोणी कोणाला ओळखत नाही. तेव्हा ऑफिस अवर्सना (प्राध्यापक मुलांना भेटायला ठेवतात त्या वेळेत) जाऊन बसायची सवय याच सत्रात लावायला सांगा. संशोधनात मदतनीस म्हणून काम मिळालं तर उत्तमच, पण त्याला पगार असेल तर पुन्हा व्हिसाचा प्रश्न आहेच. एच-फोरवर असताना हो म्हणू नये.

राहिला जीमॅट. आता त्यात क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा) आणि डेटा इनसाइट्स (माहिती वाचून अर्थ लावणं) असे तीनच विभाग असतात, सव्वादोन तासांत आटपतं, निबंध नाही. गुण २०५ ते ८०५ मध्ये मिळतात आणि पाच वर्षं चालतात. जवळपास सगळीकडे जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षाही चालते. तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा सगळ्यात योग्य: कॅल्क्युलस अजून डोक्यात असतं आणि शेवटच्या वर्षातल्या अर्जांच्या आधी हाती गुण असतात. म्हणजे अजून दीड वर्ष आहे. रविवार खुशाल जाऊ द्या. तीच सवलत पुढच्या महिन्यातही ‘शेवटची संधी’ म्हणून येईल. त्या पैशातून इमिग्रेशनच्या वकिलाची तासाभराची वेळ घ्या आणि मुलीलाही सोबत बसवा. प्रश्न तिलाच विचारू दे.