चकलीच्या स्टॉलवर कुठलं इंग्रजी?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी लालबागला मालवणी मसाला आणि दिवाळीचा फराळ करून विकते. यंदा दादरच्या एका हॉलमधल्या प्रदर्शनात पहिल्यांदाच स्टॉल घेतलाय. तिथं सगळ्या भाषांची गिऱ्हाइकं येतात, म्हणून इंग्रजी बोर्ड हवा. भाच्यानं तीन ओळी काढून दिल्यात : ‘डर्ट चीप’, ‘डाइम अ डझन’ आणि ‘बार्गेन बेसमेंट प्रायसेस’. तिन्हींचा अर्थ ‘स्वस्त’च, म्हणतो. कुठली लिहू?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : एकही नको. बोर्ड रंगवायला दिला नसेल तर आजच भाच्याला थांबवा.

‘डर्ट चीप’ हे गिऱ्हाइकानं घरी जाऊन शेजारणीला सांगायचं : अगं, मातीमोल भावात मिळालं! कपड्याला ते चालून जाईल. पण ‘डर्ट’ म्हणजे माती, घाण. खाण्याच्या पाकिटाशेजारी तो शब्द दिसला की हातात घेतलेली चकली बाई खाली ठेवेल.

‘डाइम अ डझन’चा रोख तर किमतीवर नाहीच. डाइम म्हणजे अमेरिकेतलं 10 सेंटचं नाणं. त्यात डझनभर मिळतील इतक्या सामान्य वस्तूला किंवा माणसाला तसं म्हणतात. इंग्लंडात ‘टेन अ पेनी’, आपल्याकडे ‘पैशाला पासरी’. तुम्ही रंगाला बेडगी आणि तिखटाला संकेश्वरी मिरची घेत असाल, देठं खुडून उन्हात कडकडीत वाळवत असाल. धणे, दगडफूल, नागकेशर वेगवेगळं भाजत असाल. भाजताना एक जिन्नस जरा करपला तरी सगळा घाणा कडू होतो. एवढ्या निगुतीनं केलेल्या मसाल्याला पैशाला पासरी आपणच म्हणायचं? ते वाचूनच माझा जीव कळवळला.

‘बार्गेन बेसमेंट’ची गोष्ट वेगळी. बॉस्टनच्या फायलीन्स या दुकानानं 1909 साली तळघरात स्वस्त मालाचा असा विभाग उघडला. माल जितके दिवस पडून राही तितकी किंमत उतरत जाई, आणि तरीही न खपलेला माल धर्मादाय संस्थांना जाई. कपड्यांसाठी ही सोय उत्तम होती. ताज्या फराळावर मात्र ती पाटी शिळ्या मालाची शंका आणेल.

मुंबईत जागोजागी दिसणारं ‘चीप अँड बेस्ट’ही टाळा. ‘चीप’ म्हटलं की अनेकांच्या मनात हलका माल येतो. ‘गुड व्हॅल्यू’ लिहा : दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला.

आणि मला मनापासून आवडणारी एक जोड सुचवते : ‘बेकर्स डझन’, म्हणजे 13. इंग्लंडात तेराव्या शतकात पावाचं वजन कायद्यानं बांधून दिलं होतं, कमी भरलं तर शिक्षा होई. म्हणून पाववाले डझनामागे एक पाव जास्त घालत, असं सांगतात. आपली भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर घालते, तसंच. तुम्हाला परवडत असेल तर बेसनाचे लाडू 12 च्या भावात 13 द्या, आणि लाडवांच्या डब्यावर ‘बेकर्स डझन’ लिहा. इंग्रजी जाणणारं गिऱ्हाईक हसून थांबेल.

मसाल्याचं नाव देवनागरीतच मोठ्या अक्षरात राहू द्या आणि खाली किलोचा भाव स्पष्ट लिहा. पाव किलोचाही लिहा, प्रदर्शनात नवं गिऱ्हाईक आधी तेवढाच घेऊन बघतं.