पुढची १६ वर्षं

प्रश्न : ताई, नमस्कार. ख्रिस्ती धर्मात सुधारणा घडवणाऱ्या सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मगुरूवरचा, म्हणजे मार्टिन ल्यूथरवरचा, २००३ सालचा ‘ल्यूथर’ हा चित्रपट पाहिला आणि भारावून गेलो. मुलगा म्हणतो, ‘बाबा, पंथाच्याच पैशांतून काढलेला सिनेमा, तो आरतीच ओवाळणार.’ मला तर त्यात खोटं काही दिसलं नाही. तुमचं मत काय?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नमस्कार. पैशांबद्दल मुलाचं खरं आहे. थ्रायव्हंट या अमेरिकेतल्या लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथाच्या, लोकांच्या वित्तसंस्थेने या सिनेमाला पैसा पुरवला. पण तेवढ्यावरून तो मोडीत काढू नका. आत्महत्या केलेल्या पोराला चर्चच्या जमिनीत जागा नाकारतात, तेव्हा ल्यूथर स्वतः कुदळ-फावडं घेऊन खड्डा खणतो. तो प्रसंग पाहताना दर वेळी माझे डोळे भरून येतात.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. धर्मसुधारणेचा धडा आला की वर्गात हाच सिनेमा लावायचे. शेवटी १५३० ची ऑग्सबर्गची सभा येते, जर्मन राजे ‘मान कापा, पण श्रद्धा सोडणार नाही’ म्हणत सम्राटापुढे माना पुढे करतात, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात : ल्यूथर आणखी १६ वर्षं जगले, उपदेश करत राहिले, संसार सुखाचा झाला, सहा मुलं झाली. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘बाई, एवढ्या वर्षांत त्यांनी आणखी काय केलं?’ मी म्हटलं, पुस्तकं लिहिली. कसली पुस्तकं, हे मलाच धड ठाऊक नव्हतं.

मग शोधून वाचलं. १५४३ मध्ये ल्यूथरनी यहुद्यांविरुद्ध पुस्तक लिहिलं : त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, धर्मग्रंथ काढून घ्या, रब्बींना, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंना, शिकवायची बंदी करा. याच माणसाने १५२३ मध्ये, येशू यहुदीच होता, त्या लोकांशी मायेने वागा, असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगताना माझा आवाज कापत होता.

तुम्हाला खोटं दिसलं नाही, कारण ते सांगायची वेळच येऊ दिली नाही. गोष्ट १५३० लाच थांबवली. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लुथरन चर्चने १९९४ मध्ये हे लिखाण जाहीरपणे नाकारलं, यहुदी समाजापुढे खेद व्यक्त केला. अनुयायांनी उघड कबूल केलेली गोष्ट नऊ वर्षांनी आलेल्या सिनेमाला त्या शेवटच्या अक्षरांत एका ओळीने सांगता आली नाही, याचा मला राग येतो.

आपल्याकडचा ‘प्रभात’चा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आठवा. चमत्कार त्यातही आहेत, शेवटी विमान येतं. पण त्यात जिजाई आहे. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन देवळात शिरते आणि थेट विठोबाला जाब विचारते. तिच्या रिकाम्या चुलीसमोर संतालाही उत्तर द्यावं लागतं. ‘ल्यूथर’मध्ये असं विचारणारं माणूस मला सापडलं नाही.

तुम्ही मुलाला शेजारी बसवून सिनेमा पुन्हा पाहा. ती १६ वर्षांची ओळ आली की चित्र थांबवा आणि त्याला १५४३ सालचं सांगा.